बंडाआण्णांनी मौन पुकारलं

आमच्या शिवाजी पेठेत पोरगं जन्मलं तरी हलगी लागते आणि फुटबॉलात गोल झाला तरी लागते. पण एक माणूस आजपासून गप्प बसणार म्हणून लागलेली हलगी मी आयुष्यात एकदाच ऐकली. सकाळी सहाला. आणि तो माणूस म्हणजे माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, बंडाआण्णा.

चौकात फ्लेक्स लागला होता. फ्लेक्स एवढा मोठा, की त्याच्या सावलीत दोन रिक्षा उभ्या राहायच्या. त्यावर गॉगल लावलेले आण्णा, ओठांवर बोट. खाली मजकूर: ‘बंडाआण्णांच्या मौनव्रतास हार्दिक शुभेच्छा. सकाळी सहा ते आठ. एक्केचाळीस दिवस. या वेळेत कुणीही घरात येऊ नये, हाक मारू नये.’ आणि त्याखाली शुभेच्छुकांची बेचाळीस तोंडं, त्यांतलं एक माझं. फोटोत मीही ओठांवर बोट ठेवलंय, पण ते नाकात घातल्यासारखं दिसतं.

मंडपवाल्या बाबालालनं स्पीकर फुकट दिला होता. आण्णांनी माईक हातात घेतला.

“मंडळी, आजपास्नं मी गप बसणार हाय. का बसणार हाय, ते दोनच मिंटात सांगतो.”

ती दोन मिनिटं सव्वासातला संपली. उरलेल्या पाऊण तासात लोकांनी हार घातले आणि प्रत्येक हाराला आण्णा “आरं कशाला, कशाला!” म्हणाले. मौनाचा पहिला दिवस असा पार पडला. तो मोजायचा की नाही यावर गल्लीत दोन तट पडले, ते अजून आहेत.

आता आण्णांच्या आवाजाविषयी सांगितल्याशिवाय त्यांच्या मौनाची किंमत कळायची नाही. आण्णांनी बत्तीस वर्षं गुळाच्या सौद्यात पुकारा केला. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ओळीनं मांडलेले असतात, भोवती व्यापारी असतात आणि मधे उभा राहून एक माणूस ओरडून ओरडून भाव चढवत नेतो. तो माणूस म्हणजे आण्णा. मार्केट यार्डात ते पुकारायला लागले, की तिकडं कसबा बावड्याच्या साखर कारखान्यातले कामगार पाळी संपल्याचा भोंगा समजून डबा घेऊन बाहेर पडायचे. मी हे स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यानं मला सांगितलं त्यानंही पाहिलेलं नाही, आणि आमच्याकडं दोन माणसांचा पुरावा पुरतो.

निवृत्त झाल्यावर तो आवाज सगळाच्या सगळा गल्लीत आला. आण्णा घरात “हौसा, च्या!” म्हणाले, की अलीकडच्या दोन आणि पलीकडच्या दोन घरांत आधण ठेवलं जायचं. माझ्या बायकोनं तर एकदा चहा गाळून कप माझ्या हातात दिला आणि मग म्हणाली, “अगं बाई, तुम्ही कुठं मागितलात!” तेव्हापासून मी घरात चहा मागायचंच सोडलं. शेजाऱ्याच्या जिवावर भागत होतं.

त्यातून त्यांना एक खोड. समोरच्याचं वाक्य ते पुरं होऊ द्यायचे नाहीत. सौद्यात व्यापाऱ्याची पापणी हलली, की त्याच्या पोटातला आकडा ओळखून पुकारायचा, ही बत्तीस वर्षांची सवय. मी म्हणावं, “आण्णा, काल मी गेलतो...” की आण्णा, “रंकाळ्यावर! भेळ खाल्लीस! पोट बिघडलं!” मी खरं तर गेलेलो असायचो पोस्टात. पण आण्णांनी एकदा पुकारलं, की सौदा पक्का. पुढं पुढं मीच कंटाळून म्हणायचो, “व्हय आण्णा, पोट बिघाडलं.” आणि ते ओव्याचं पाणी पाजायचे. न बिघडलेल्या पोटावर ओव्याचं पाणी पिऊन पिऊन माझं पोट खरोखर उत्तम झालं, हे मान्य करायला हवं.

हौसाक्का याच्या अगदी उलट. उंच, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बोलणं असं की नाहीच. त्या “अहो, उद्या जरा...” एवढं म्हणायच्या आणि उरलेलं आण्णा म्हणायचे. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात अक्कांचं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही.

आणि मग गेल्या श्रावणात अक्कांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. दवाखान्यात आठवडाभर आण्णा खाटेशेजारी बसून होते. गल्लीतून कुणी ना कुणी डबा घेऊन जायचं. परत आल्यावर सगळे एकच सांगायचे, “आण्णा बोलत न्हाईत.” हे ऐकून आम्हाला अक्कांच्यापेक्षा आण्णांची काळजी वाटायला लागली होती. अक्का घरी आल्या तेव्हा हात थोडा हलत होता, धरून चालत होत्या. बोलणं मात्र नव्हतं. डोळ्यांत सगळं दिसायचं, ओठ हलायचे, आणि शब्द मधेच कुठंतरी उंबऱ्याला अडल्यासारखा अडायचा.

त्यानंतर दोन महिन्यांनी हे मौन. त्यामुळं गल्लीनं आपापले अर्थ लावले. कुणी म्हणालं, अंबाबाईला नवस केलाय. कुणी म्हणालं, आण्णांचा बीपी वाढलाय. आण्णा स्वतः छातीवर हात ठेवून सांगायचे, “मनःशांती! मनःशांतीशिवाय माणूस म्हंजे मळी न काढल्याला रस! कढतोय नुस्ता, गूळ हुईत न्हाई!” हे ते इतक्या मोठ्यानं सांगायचे की ऐकणाऱ्याची मनःशांती जायची.

त्याआधी मन शांत करायच्या एका वर्गाला ते एक दिवस जाऊन आले होते. हॉलमध्ये चाळीस माणसं डोळे मिटून गप्प. आण्णांनी दहा मिनिटं सोसलं. मग उभे राहून टाळ्या वाजवत म्हणाले, “बोला, बोला की मंडळी! का बसलाय?” वर्ग चालवणाऱ्या बाईंनी त्यांना हात जोडून दारापर्यंत पोचवलं.

“आरं, मी तरी काय करू?” आण्णा मला म्हणाले. “सौद्यात सगळी गप बसली म्हंजे काय, ठावं हाय? माल पडला! शेतकरी तुज्याकडं बघत हुबा असतोय, वरीसभराचा ऊस त्यानं गाळल्याला असतोय, आन् कोण बोलंना. त्या टायमाला कुणाला तरी बोलतं करायचं हेच माजं काम, तेच त्या हॉलात केलं.”

असा माणूस आता रोज दोन तास गप्प बसणार होता. नियमही त्यांनीच केला होता: मधे एक शब्द गेला, की पुन्हा एकपासून.

तिसऱ्या दिवशी मौन मोडलं. गल्लीतल्या पोरांचा चेंडू दारात आला आणि एकानं तो डाव्या पायानं मारायचा तो उजव्यानं मारला. पुन्हा एक. नवव्या दिवशी मांजर दुधावर आलं. “हाड!” हा शब्द मोजायचा का, यावर आण्णांनी बाबालालला पंच नेमलं. बाबालाल म्हणाला, “आण्णा, शब्द ल्हान हाय, पर माझ्या दुकानातली भाड्याची भांडी हलली.” पुन्हा एक.

मग मात्र आण्णांनी गाडी रुळावर आणली. दहा दिवस गेले, पंधरा गेले. पण आण्णांची ती शांतता त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू यायची. दूधवाल्याला पाणी जास्त घातलंय हे सांगायला ते पातेलं भिंतीवर आपटायचे. पेपरवाला उशिरा आला की मोटरसायकलचा हॉर्न. आठच्या ठोक्याला तर दोन तास तुंबलेलं सगळं एकदम बाहेर यायचं, “दूधवाला चोर हाय! पेपरात काय न्हाय! वरच्या टाकीचं झाकण उघडं हाय! बाबालाल, तुजी लुंगी मागनं फाटलीया!” लोक त्या वेळी कामधंदा सोडून कट्ट्यावर येऊन बसायचे. आकाशवाणीच्या बातम्यांना एवढा श्रोता नसेल.

सतराव्या दिवशीचं प्रकरण जरा नाजूक आहे. आण्णांच्या वरच्या खोलीत पुण्याहून बदलून आलेले एक बँकेतले साहेब भाड्यानं राहतात. ते सकाळी पावणेसातला खाली आले आणि म्हणाले, “आण्णा, आज पाणी किती वाजेपर्यंत आहे?” आता, आण्णा लहानपणी वडिलांबरोबर गुरांच्या बाजारात फिरलेले. तिथं दर तोंडानं सांगत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा कळवायचा, म्हणजे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आण्णांना वाटलं, यापरीस सोपं काय. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल साहेबांच्या हातावर टाकला, आत हात घातला, आधी पाच बोटं दाबली, मग दोन. म्हणजे सात. साहेब पांढरे पडले. आण्णांना वाटलं कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दाबली, जरा प्रेमानं. साहेब दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले. त्या दिवशी त्यांनी आंघोळ केली नाही आणि पुढं चार दिवस ते मागच्या जिन्यानं ये-जा करत होते.

पण खरं मौन मोडलं ते बाविसाव्या दिवशी, आणि तेही त्याच साहेबांमुळं. गैरसमज मिटवावा म्हणून मीच त्यांना सकाळी आण्णांच्या दाराशी घेऊन आलो. आदल्या रात्री आण्णांनी त्यांच्याकडं पांढरा रस्सा पाठवला होता. साहेब भल्या मनानं म्हणाले, “आण्णा, तुमचं ते पांढरं सूप छान होतं हो. थोडी मिरपूड जास्त.”

मी साहेबांचा दंड धरून मागं ओढलं, पण उशीर झाला होता.

“सूप?” आण्णा म्हणाले. आणि मग जे म्हणाले ते पंचगंगेच्या पलीकडं ऐकू गेलं असणार. रस्सा म्हणजे काय, सूप म्हणजे काय, सूप आजाऱ्याला देतात, रस्सा पिऊन आजारी उठतो, असं सगळं. साहेब शेवटी “रस्सा, रस्सा” म्हणत सुटले.

एकवीस दिवसांचं पुण्य एका वाटी रश्श्यात बुडालं. मला हसू आवरेना. मी म्हणालो, “आण्णा, चला, उद्या परत एक!”

आण्णा हसले नाहीत. ते पायरीवर खाली बसले. आतून काही पडल्याचा आवाज आला, तशी त्यांनी मान वळवून आत पाहिलं. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या हातातली वाटी खाली पडली होती आणि तोंड मिटलेलं होतं.

“आता बोलत हुती रं ती,” आण्णा म्हणाले. त्यांचा एवढा लहान आवाज मी प्रथमच ऐकला. “‘बा’ म्हणाली. फुडचं येत हुतं. आन् मी बोंबाललो.”

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. अक्कांना बोलायला शिकवायला आठवड्यातनं दोनदा एक मॅडम येतात. त्यांनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस आण्णांना बाहेर बोलावून म्हणाल्या, आण्णा, अक्का शब्दाच्या जवळ येतात आणि तेवढ्यात तुम्ही तो शब्द सांगून टाकता. मग त्या सोडून देतात. तुम्ही त्यांच्या तोंडातला शब्द काढून घेताय. सकाळी त्या ताज्या असतात, तेव्हा दोन तास फक्त बसा. एका शब्दाला पंधरा मिनिटं लागली तरी बसा. हे नाही झालं, तर त्या प्रयत्न करणं थांबवतील. मग आलेलंही जाईल.

“पंधरा मिंटं!” आण्णा म्हणाले. “पंधरा मिंटात मी दोन गाड्या गूळ इकायचो मर्दा.”

“मग हे आधी सांगायचं की आण्णा! फ्लेक्स कशाला, हलगी कशाला?”

“बोर्ड लावला नसता, तर तुमी सगळी सकाळी च्याला आला असता. तू तर पयला. आन् बायकूची वाचा गेलीया म्हणून गप बसतोय, असं चौकात लिवू? तिला कसं वाटंल? माझी मनःशांती म्हणलं की तुमी मलाच हसत बसता. बसा हसत.”

मी हसलो नाही. त्या दिवसापासून सकाळी सहाला मी माझ्या दारात खुर्ची टाकून राखण करायला लागलो. दूधवाल्याला मीच अडवायचो, पेपर मीच घ्यायचो, चेंडू मीच परत मारायचो, तोही डाव्या पायानं. माझ्या सांगण्यावरनं बाबालालनं आपल्या कुकरच्या शिट्टीवर ओलं फडकं टाकायला सुरुवात केली. अख्ख्या गल्लीत कारण फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही. माझ्यासारख्या माणसानं हे केलं, याची नोंद खरं तर कुठंतरी व्हायला हवी होती.

माघात एकदा साडेसातच्या सुमाराला आण्णांनी खिडकीतनं मला खूण केली, आत ये. आणि दुसरी खूण केली, गळ्यावरनं बोट फिरवून. तोंड उघडलंस तर कापीन. मी आत जाऊन भिंतीला टेकून बसलो.

अक्का खिडकीजवळ खुर्चीत होत्या. समोर पाटावर आण्णा, मांडी घालून, शाळेतल्या पोरासारखे. अक्का काहीतरी सांगत होत्या, बहुधा बराच वेळ, कारण आण्णांच्या कपाळावर माघाच्या थंडीत घाम होता.

“कु... रुंद... वाड,” अक्का म्हणाल्या.

हे त्यांचं माहेर. त्यानंतर बराच वेळ काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

“घाटा... वर.”

पुन्हा तसंच. मी मनातल्या मनात वाक्य पुरं करून टाकलं, धुणं धुवायचो. आण्णांनीही केलं असणार, कारण त्यांचे ओठ हलले. त्यांनी स्वतःचा तळहात तोंडावर दाबून धरला.

“आमी... पोरी...”

अक्कांचा डावा हात वर उचलला गेला, काहीतरी दाखवायला, आणि तसाच राहिला. शब्द येत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. मला श्वास सोडायचीही भीती वाटत होती. आणि घड्याळात आठ वाजले.

बाहेर कट्ट्यावर मंडळी जमली होतीच. बाबालाल ओरडला, “आण्णा, आठ वाजलं! सुटा!”

अक्का दचकल्या. हात खाली आला. आण्णांच्या छातीत दोन तासांचं साठलेलं वर येताना मला दिसलं, मान फुगली, डोळे मोठे झाले. आता हे बाबालालला अशी शिवी घालणार की फ्लेक्स फाटेल, असं मला वाटलं. आण्णा उठले. पावलं न वाजवता खिडकीपाशी गेले आणि दोन्ही फळ्या हळूच ओढून घेतल्या. मग परत येऊन पाटावर बसले, आणि अक्कांच्याकडं बघत राहिले.

बाहेर बाबालालनं आणखी दोन हाका मारल्या आणि तो दमला. मंडळी पांगली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अक्कांचा हात पुन्हा वर गेला. उंच गेला, आणि एकदम खाली आला.

“उडी... मारायचो,” अक्का म्हणाल्या. आणि मग जरा दम घेऊन, “पुरात. मी... पयली.”

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आण्णा अक्कांना पंचगंगेवर घेऊन गेले होते. तिथं अक्का म्हणाल्या होत्या, “मला पाण्यात...” आणि आण्णा म्हणाले होते, “भ्या वाटतंय व्हय? मग बस काठावर.” हे आण्णांनीच शंभरदा कौतुकानं सांगितलं होतं, आमची हौसा पाण्याला लई भिती. तेव्हापासून नदीवर, धरणावर, कोकणात समुद्रावर, अडतीस वर्षं आम्ही सगळे पाण्यात जायचो आणि अक्का काठावर कपडे राखत बसायच्या. मीसुद्धा माझं घड्याळ आणि चपला किती वेळा त्यांच्या ओटीत टाकून गेलो असेन.

अक्का आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून हसत होत्या. ओठाची एक बाजूच हसत होती, पण चांगली हसत होती.

आण्णांनी तोंड उघडलं. आठ कधीच वाजून गेले होते, त्यांना बोलायची मोकळीक होती. सवयीनं माझे हात कानांकडं गेले.

“मग?” आण्णा म्हणाले. मला शेजारी बसूनही जेमतेम ऐकू आलं.

एवढंच विचारून त्यांनी पाट थोडा पुढं ओढला, हात मांडीवर ठेवले आणि थांबले.